फसलेला खरं दमदार: क्राइम थ्रिलरचा पंचनामा कसा करायचा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचा शो सुटला, साडेबारा वाजून गेलेले, गाड्यांच्या सीटवर पाणी, आणि आम्ही चौघं मित्र एका बंद दुकानाच्या वळचणीला उभारून पिक्चरवर भांडायलोय. एक म्हणतोय बकवास, पैसे वाया. दुसरा म्हणतोय असला पिक्चर आपल्याकडं झालेलाच नाही. तिसरा नुसताच "हिरो बेस्ट हाय, हिरो बेस्ट हाय" करायलाय, आणि मी मधल्यामध्ये, कारण मला पहिल्या दोघांचंही पटत होतं. आमच्याबरोबर मामा होते, पोलिसातनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, ते इतका वेळ गप्प. मग रेनकोटची चेन वर ओढत म्हणाले, "पोस्टमॉर्टेम व्हायच्या आधीच मरणाचं कारण सांगायलाय की रे तुम्ही."

ते वाक्य डोक्यात बसलं. तवापासनं असला एखादा अर्धवट जमलेला, खरं मोठ्ठं काहीतरी करायला गेलेला क्राइम थ्रिलर बघितला की मी मत देण्याआधी त्याचा रीतसर पंचनामा करतो. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या बेळगावकडं "खरं" म्हणजे "पण". पुढं लेखभर येणार आहे, सवय करून घ्या.) पंचनाम्याची गंमत अशी की त्यात "मला वाटतं" चालत नाही, जे समोर दिसतंय तेवढंच लिहायचं, कुठं काय पडलंय, किती अंतरावर, कुठल्या अवस्थेत. मत नंतर. पद्धत खाली सांगतोय, एकदम सगळी करायची गरज नाही, मलाही दरवेळी जमत नाही.

आधी हे ठरवा की पिक्चर एवढ्या मेहनतीच्या लायकीचा आहे काय

महत्त्वाकांक्षी म्हणजे बजेट मोठं किंवा लोकेशन परदेशातलं असं नव्हे. मी एवढंच बघतो, लिहिणाऱ्यानं स्वतःहून काहीतरी अवघड अंगावर घेतलंय काय? उदाहरणार्थ, गोष्ट तीन वेगवेगळ्या काळात फिरवलीय, किंवा तपास करणारा माणूसच आपल्याला आवडू नये असा लिहिलाय, किंवा खुनाच्या निमित्तानं एका गावाचा, एका धंद्याचा आतला व्यवहार दाखवायचाय, किंवा शेवटाला उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलंय. यातलं एकही नसेल, नुसता खून, दोन गाणी, एक ट्विस्ट असेल तर "टाइमपास हाय" किंवा "नाही" एवढ्यावर विषय संपतो. ज्यानं उडीच मारली नाही त्याला पडला म्हणून काय बोलायचं.

आम्ही त्या रात्री बघितलेल्या पिक्चरनं दोन-तीन उड्या एकदम मारल्या होत्या. ऊसपट्ट्यातलं गाव, बेपत्ता झालेला पोरगा, तीन काळ, अर्धे संवाद मराठी, अर्धे कन्नड. नाव मुद्दाम घेत नाही, नाव घेतलं की लोक पिक्चर बाजूला ठेवून बाजू घ्यायला लागतात.

बघायच्या आधी

ट्रेलर शक्यतो टाळा, रेटिंग तर बघूच नका. खरं आपल्या सीमाभागात सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे, कुठल्या भाषेतला बघायलाय ते. आपल्याकडं एकाच आठवड्यात कन्नड, हिंदी, मराठी आणि तेलुगूचं डबिंग सगळं शेजारी शेजारी लागतं, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत माणसांना दोन-तीन भाषा कानावरनं तरी येतातच, त्यामुळं आपण "काय फरक पडतोय" म्हणून जो शो सोयीचा तो बघतो. करमणुकीला ठीक आहे. अभिनयावर मत द्यायचं असेल तर मात्र डब केलेला पिक्चर बघून देऊ नका. आवाज दुसऱ्याच माणसाचा, श्वास दुसऱ्याचा, वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायला शब्द बदललेले, म्हणजे समोरच्या नटाचं निम्मं काम आधीच काढून घेतलेलं असतं आणि आपण उरलेल्या निम्म्यावर "लाकडासारखा हाय" म्हणून शिक्का मारतो. मूळ भाषेत, खाली सबटायटल लावून बघा. भाषा अर्धी कळली तरी आवाज पूर्ण कळतो.

पहिल्यांदा बघताना

काही करू नका. मोबाइल खिशात, डोकं पडद्यावर. वही काढून बसणारे लोक मला कळत नाहीत. फक्त इंटरव्हलला, चहा येईपर्यंत, तीन गोष्टी कुठंतरी टिपून ठेवा: माझा संशय कुणावर आहे, मला काय जाणून घ्यायचंय, आणि मला काळजी कुणाची वाटायलीय. आपले थ्रिलर इंटरव्हलच्या धक्क्याभोवती बांधलेले असतात, अर्ध्यावर एक मोठा दणका द्यायचा आणि लोकांना बाहेर सोडायचं. तो दणका म्हणजे पिक्चरनं तुम्हाला लिहून दिलेली उधारीची चिठ्ठीच. उत्तरार्धात ती फेडली काय हे नंतर तपासायचं, आणि इंटरव्हलला टिपलं नसेल तर नंतर आठवत नाही, कारण शेवट कळला की आपल्याला वाटतं आपल्याला आधीपासूनच माहीत होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणाचीच नाही" असं आलं तर सांभाळून. थ्रिलरमध्ये कोडं कितीही भारी असू दे, कुणाची तरी काळजी वाटत नसेल तर ते शब्दकोडं होतं.

घरी आल्यावर: दोन रकाने

कागद घ्या, मधे रेघ मारा. डावीकडं घटना जशा घडल्या त्या क्रमानं, उजवीकडं पिक्चरनं जशा सांगितल्या त्या क्रमानं. दहा-बारा ओळी पुरतात. मग जिथं जिथं क्रम उलटा केलाय तिथं स्वतःला विचारा, उलटा केल्यामुळं मला काय मिळालं? नुसता गोंधळ मिळाला, की एखाद्या माणसाबद्दलचं माझं मत बदललं?

याचं आपल्या राज्यातलंच उदाहरण देतो. रक्षित शेट्टीचा २०१४ चा कन्नड पिक्चर 'उळिदवरु कंडंते', नावाचा अर्थ साधारण "बाकीच्यांनी पाहिल्याप्रमाणे". मालपेच्या किनाऱ्यावरची गोष्ट, अष्टमीचा सण, वाघाच्या वेषातला नाच, आणि एक पत्रकार बाई वेगवेगळ्या माणसांकडनं एकाच घटनेची आपापली बाजू गोळा करतीय, प्रकरणं पाडून. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५० च्या 'राशोमोन'पासनं ही वाट सुरू झाली, एकच खून आणि प्रत्येक साक्षीदाराचं वेगळंच खरं. (हे "खरं" पण नव्हे, खरंखुरं खरं.) रक्षितचा पिक्चर थिएटरात फारसा चालला नाही आणि मागाहून लोकांनी डोक्यावर घेतला. संथ आहे, काही ठिकाणी स्वतःच्याच स्टाइलवर खूश होऊन रेंगाळतो, ते मी मान्य करतो. खरं दोन रकान्यांचा कागद केला की दिसतं, प्रकरण बदललं की आधी बघितलेलाच माणूस वेगळा दिसायला लागतो, म्हणजे क्रम मोडण्याला कारण आहे. आमच्या त्या ऊसपट्ट्याच्या पिक्चरमध्ये तिसरा काळ पूर्ण कापून टाकला असता तरी डाव्या रकान्यात एकही ओळ कमी झाली नसती. हा आता पुरावा झाला, मत नव्हे.

कौल गळतंय की तुळई कललीय

चुका सगळेच शोधतात. हल्ली तर चुका शोधण्यातच लोकांची हुशारी संपते, खिडकीतनं ऊन कुठल्या बाजूनं आलं, घड्याळात किती वाजले. त्या चुकांचं वजन कसं करायचं हे कुणी सांगत नाही. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरात पावसाळ्यात दोन कौलं सरकली तर खाली पातेलं ठेवून माणसं निवांत झोपतात, तुळई कलली तर त्याच रात्री घर रिकामं करतात. तसंच इथं.

'द बिग स्लीप' नावाचा १९४६ चा हॉवर्ड हॉक्सचा हॉलिवूडचा पिक्चर, त्यात एका ड्रायव्हरचा मृत्यू होतो आणि तो नेमका कुणी केला हे कळतच नाही. किस्सा असा सांगतात की पिक्चर करताना मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरलाच विचारलं, तर त्यालाही सांगता आलं नाही. एवढं मोठं भोक असून पिक्चर क्लासिक म्हणून टिकला, कारण लोक तिथं कोडं सुटायची वाट बघत नव्हते, हिरो-हिरॉईन एकमेकांशी कसे बोलतात ते ऐकत होते. सरकलेलं कौल.

तुळई कशी ओळखायची? माझा नियम असा की चूक गोष्टीच्या सोयीसाठी केलीय काय ते बघा. चुकीमुळं कथेला काहीच फायदा झाला नसेल तर सोडून द्या. त्या चुकीवरच पुढचा सगळा डोलारा उभा असेल तर मात्र सोडू नका. यासाठी तपासाचं थोडं जुजबी ज्ञान लागतं, आणि ते मला मामांकडनं फुकट मिळालं:

कबुलीजबाब. आपल्याकडच्या अर्ध्या पिक्चरचा शेवट लॉकअपमध्ये होतो, हिरो दोन कानाखाली मारतो, आरोपी सगळं ओकतो, संगीत वाजतं, संपलं. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात तेच कलम २३ ला आहे. त्याच्या सांगण्यावरनं एखादी वस्तू सापडली, सुरा म्हणा, कपडे म्हणा, तर जबाबातला तेवढा भाग चालतो. म्हणजे हुशार लेखकाला इथं सोन्याची खाण आहे, पोलिसाला सत्य कळलंय खरं सिद्ध करता येत नाही, आता तो काय करणार? हा प्रश्न न घेता जो पिक्चर नुसत्या कबुलीवर संपतो त्याची तुळई कललीय.

चोवीस तास. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, संविधानातच आहे, अनुच्छेद २२. पिक्चरमध्ये माणूस आठवडाभर खुर्चीला बांधलेला दिसला तर दोन शक्यता, दिग्दर्शकाला माहीत नाही, किंवा त्याला दाखवायचंय की पोलीस बेकायदा वागायलेत. दुसरं असेल तर एखादं पात्र तरी त्याबद्दल घाबरलेलं दिसलं पाहिजे, निदान स्टेशन डायरी लिहिणारा तरी.

हद्द. हे आपल्या भागातल्या माणसाला लगेच टोचतं. नदीच्या ह्या काठाला कर्नाटक, त्या काठाला महाराष्ट्र, प्रेत मधोमध. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी फिर्याद कुठल्याही ठाण्यात घेऊन पुढं पाठवता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि ती घ्यायला टाळाटाळ कशी होते, कागद कुठल्या भाषेत, सही कुणाची, यातच अख्खा पिक्चर दडलाय. आमच्या त्या पिक्चरनं पहिली वीस मिनिटं नेमकं हेच पकडलं होतं, दोन ठाण्यांचे दोन हवालदार एकमेकांना चहा पाजत "तुमचं प्रेत, तुमचं प्रेत" करायलेत, थिएटर हसत होतं आणि मागं त्या पोराची आई उभी. एवढं जमलेलं असताना दिग्दर्शकानं इंटरव्हलनंतर हद्दीचा विषयच सोडून दिला याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी मोबाइल टॉवरवरनं माणूस नेमका कुठल्या खोलीत बसलाय ते कळत नाही, साधारण परिसर कळतो, आणि सीसीटीव्हीचा धुरकट फोटो कितीही मोठा केला तरी त्यातनं नंबरप्लेट उगवत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ट्विस्टची परीक्षा

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं ट्रुफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. दोन माणसं गप्पा मारायलेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवला आणि मग त्याच गप्पा ऐकायला लावल्या, तर पंधरा मिनिटांचा ताण. आपल्याकडचे नवे थ्रिलर पहिल्या प्रकाराच्या मागं लागलेत, शेवटच्या दहा मिनिटांत तीन-तीन ट्विस्ट, एक पचत नाही तोवर दुसरा. मला विचाराल तर तीन ट्विस्ट म्हणजे लिहिणाऱ्याचा पहिल्यावर विश्वास नाही.

परीक्षा सोपी आहे. गुन्हेगार कळल्यावर मागं चालत जा. तो माणूस पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात दिसला होता काय? त्याच्या वागण्यातल्या निदान दोन खुणा आपल्याला दाखवल्या होत्या काय, ज्यांचा अर्थ आपण वेगळा लावला? तसं असेल तर आपण हरलो, पिक्चर जिंकला, मान्य करायचं. आणि तो शेवटच्या पाऊण तासात कुठनंतरी उगवला असेल तर ते पत्ते पिसताना खिशातनं एक्का काढल्यासारखं आहे. आमच्या पिक्चरमध्ये दुसरं झालं होतं. इंटरव्हलच्या चिठ्ठीवर माझे तीन संशयित होते, तिघांचंही काय झालं ते शेवटी कुणी सांगितलंच नाही.

आता अभिनय, आणि इथं जरा बसा

अभिनयावर बोलताना आपण सगळ्यात आळशी असतो. "डोळ्यांनी बोलतो", "जगलाय भूमिका", नाहीतर "ओव्हर ॲक्टिंग". ह्या तीन वाक्यांत आपलं काम आटोपतं. खरं बघायला गेलं तर पडद्यावर जे आपल्याला अभिनय म्हणून दिसतं त्यात नटाचं किती, एडिटरचं किती, पार्श्वसंगीताचं किती हे वेगळं केल्याशिवाय बोलूच नये.

रशियात शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव्ह ह्या दिग्दर्शकानं केलेला प्रयोग आहे. एका नटाचा तोच एक कोरा चेहरा, त्याच्यापुढं एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. लोक म्हणाले वा, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं. चेहरा तोच होता. म्हणून पहिलं काम असं करा की घरी दुसऱ्यांदा बघताना नटाचे दोन महत्त्वाचे सीन आवाज पूर्ण बंद करून बघा. संगीत गेल्यावर त्या चेहऱ्यावर काही उरतंय काय? मग तेच सीन पाठ करून, म्हणजे पडद्याकडं पाठ करून, नुसते ऐका. आवाजात माणूस आहे, की पाठांतर?

दुसरं, बोलणाऱ्याकडं बघू नका, ऐकणाऱ्याकडं बघा. चौकशीच्या सीनमध्ये तर हमखास. कच्चा नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत असतो, ते दिसतं, डोळे आधीच पुढच्या वाक्यावर गेलेले असतात.

तिसरं, हात. त्या पिक्चरमधला एक दोन मिनिटांचा सीन सांगतो. साखर कारखान्याचा वजनकाटा, रात्रीची वेळ, उसाच्या ट्रॅक्टरची रांग, आणि काट्यावरचा क्लार्क खिडकीत बसून पावत्या फाडायलाय. हिरो, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, बाहेर उभारून त्याला पोराबद्दल विचारतोय. क्लार्क मान वर न करता उत्तरं देतोय, नाही साहेब, बघितलं नाही साहेब, आणि हात चालूच, वजन लिहायचं, पावती फाडायची, कार्बन काढून पुढच्या पानाखाली सारायचा. हिरो पोराचं नाव घेतो. क्लार्कचा हात थांबत नाही. आवाज बदलत नाही. फक्त कार्बन उलटा घातला जातो. पुढची पावती तो लिहितो, फाडतो, आणि खालची प्रत कोरीच, आणि मागं निळे उलटे आकडे, ते त्याला दिसतं, आणि तो ते पान हळूच दुमडून मांडीखाली घेतो. एवढंच. त्याच्या वाट्याला संगीत नाही, क्लोजअप नाही, कॅमेरा खिडकीबाहेर. हा नट कोण मला ठाऊक नव्हतं, शेवटची नावं पळताना पकडताही आलं नाही. त्याच सीनमध्ये हिरोचे चार क्लोजअप आहेत, चारीला मागनं ढोल. आवाज बंद करून बघितलं तर हिरो नुसता रोखून बघतोय, कुठल्याही सीनमध्ये बसेल असं. आणि पुढं शवागाराच्या सीनमध्ये तर तोंड उघडं टाकून उभा. मी त्या रात्री कागदावर तसंच लिहिलं होतं, "हिरो: तोंड उघडं टाकून बघतो."

चौथं, भूमिका वाईट लिहिलीय की वाईट केलीय? हे वेगळं करायला रिमेकइतकी चांगली प्रयोगशाळा नाही आणि आपण सीमेवरची माणसं यात नशीबवान, कारण दोन-तीन भाषांतले तेच पिक्चर आपल्याला सहज बघता येतात. 'दृश्यम' घ्या. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम २०१३ चा, मोहनलाल. कन्नडमध्ये २०१४ ला 'दृश्य', दिग्दर्शन पी. वासू, रविचंद्रन. हिंदीत २०१५ ला निशिकांत कामतनं केला, अजय देवगण, आणि गोष्ट गोव्यात नेली, म्हणजे चोर्ला घाट उतरला की आलंच. गोष्ट तीच, कोडं तेच, कित्येक सीन तेच, म्हणजे लेखन जवळपास स्थिर धरून नुसता अभिनय मोजता येतो. मोहनलाल पूर्वार्धात इतका साधा, चिकट, पोरीबाळींशी मस्करी करणारा केबलवाला आहे की हा माणूस असलं काही करेल हे डोक्यातच येत नाही. देवगण पहिल्यापासूनच जरा गंभीर, त्यामुळं धार आधीच दिसते आणि बदल कमी वाटतो, असं माझं मत, भांडायला या. रविचंद्रनला त्याच्या जुन्या रोमँटिक हिरोच्या इमेजमधनं बाहेर पडायचं होतं, ते ओझं वेगळंच. आणि गंमत म्हणजे बेपत्ता पोराची पोलीस अधिकारी आई मल्याळम आणि कन्नड दोन्हीत आशा शरत यांनीच केलीय, हिंदीत तब्बू. एका संध्याकाळी चौकशीचे सीन ओळीनं लावा आणि फक्त एवढंच बघा की कुठल्या क्षणाला अधिकारी संपते आणि आई सुरू होते. ते नटीगणिक वेगळ्या जागी आहे. ही जागा शोधता आली की तुम्हाला परीक्षण जमायला लागलं समजा.

पाचवं, बोली. सीमाभागातला माणूस दाखवायचा म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी "की" चिकटवलं की झालं, असा एक समज टीव्हीवाल्यांनी करून ठेवलाय. जातो की, खातो की, मरतो की. असं कोण बोलतंय बाबा? आपल्या बोलण्याची खूण शब्दात कमी आणि चालीत जास्त आहे, कन्नडचा हेल, वाक्य मधेच सोडून देणं, "बघायलोय", "उभारलाय", "पण"च्या जागी "खरं", आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे समोरचा माणूस बदलला की भाषा बदलते. गणपत गल्लीतला दुकानदार एकाच मिनिटात गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी कन्नड, फोनवर हिंदी बोलतो आणि त्याला ते कळतही नाही. नटाला हा बदल विचार न करता जमला तर त्यानं तयारी केलीय. प्रत्येक भाषेआधी सेकंदभर थांबत असेल तर संवाद पाठ केलेत. आमच्या पिक्चरमधल्या आईचं काम करणाऱ्या बाईंना हे जमलं होतं, पोराला हाक मराठीत आणि शिव्या कन्नडमध्ये, थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या आज्जी "अगदी आमच्या जाऊबाई" म्हणाल्या.

ओव्हर ॲक्टिंगबद्दल थोडंच. मोठा अभिनय म्हणजे वाईट अभिनय नव्हे. सगळा पिक्चरच चढ्या सुरात असेल तर तिथं कुजबुजणारा नट बेसूर. बघायचं एवढंच की सगळे एकाच पिक्चरमध्ये आहेत काय, की एक नाटकात, एक जाहिरातीत आणि एक डॉक्युमेंटरीत. हा दोष मात्र नटाच्या नावावर टाकू नका, सूर लावून देणं दिग्दर्शकाचं काम.

लिहिताना

आता मत. दोषाच्या शेजारी तो कुणाचा ते लिहा. "उत्तरार्ध पडलाय" हे अर्धं वाक्य आहे. तिसरा काळ अनावश्यक, म्हणजे लेखन. तीन संशयित मधेच सोडले, म्हणजे लेखन किंवा कात्री, कदाचित शूट केलेलं कापलंही असेल, तर तसं "कदाचित" म्हणून लिहा. हिरोचे क्लोजअप ढोलावर उभे, म्हणजे नटाचा दुबळेपणा असेल किंवा दिग्दर्शकाला नटावर भरवसा नसेल. शेवट फोडू नका, गुन्हेगाराचं नाव तर नाहीच, "शेवटचा खुलासा आधी पेरलेला नाही" एवढं पुरतं. स्टार देताना मी दोन आकडे देतो, उडीला एक आणि उतरण्याला एक. त्या पिक्चरला उडीला साडेचार, उतरण्याला दोन. सरासरी काढायची नाही, काढली की तो एखाद्या गुळमुळीत टाइमपास पिक्चरच्या शेजारी जाऊन बसतो, आणि मग वाचणाऱ्याला कळत नाही की हा बघायलाच पाहिजे का टाळायला पाहिजे.

आणि पहिलं मत लिहून झालं की दोन-चार आठवडे थांबून एकदा परत बघा, शक्यतो त्या धंद्यातल्या माणसाबरोबर. कारखान्याचा पिक्चर असेल तर कारखान्यातला, कोर्टाचा असेल तर वकील. आमचा पिक्चर मोबाइलवर आला तेव्हा मी हिंडलग्याला मामांच्या घरी जाऊन टीव्हीला जोडून दिला. मामी मधनंमधनं येऊन "अजून सापडला नाही काय गं बाई तो पोरगा" विचारून जात होत्या. लॉकअपचा सीन आल्यावर मामा अपेक्षेप्रमाणं हसले. वजनकाट्याच्या सीनला काहीच बोलले नाहीत, नुसतं परत मागं घे म्हणाले.

मग शवागार आलं. मी म्हटलं, आता बघा हिरोची ॲक्टिंग, तोंड उघडं टाकून उभारलाय. मामांनी हात वर करून मला थांबवलं. "नाकाला रुमाल कुणी लावलाय बघ." मागच्या नव्या कॉन्स्टेबलनं लावला होता. "नवं पोरगं रुमाल लावतंय. जुना माणूस लावत नाही, तिथं नातेवाईक असतात, बरं दिसत नाही. तो नाक बंद ठेवून तोंडानं श्वास घेतोय. मी वीस वर्षं तसाच उभारलोय."

सीन परत लावला. आई हिरोच्या बाजूलाच उभी होती. मी कागद काढला आणि ती एक ओळ खोडली. ढोलाची तशीच ठेवली.